पिंपरी-चिंचवड औद्योगिक परिसरातील थॅलेसेमिया आणि ‘वयात येण्या’चा प्रश्न : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

मराठीत मुलगी ‘वयात येते’, तिला ‘न्हाण येते’. मुलाला ‘मिसरूड फुटते’, त्याचा ‘आवाज फुटतो’. हे सर्व शब्दप्रयोग घडून गेलेल्या गोष्टीचे आहेत. जी गोष्ट घडावयास हवी होती आणि घडली नाही, तिच्यासाठी भाषेने सहजी वापरता येईल असा शब्द ठेवलेला नाही. ‘अंगाने लहानच आहे’, ‘उशिरा वाढेल’ अशा वाक्यांवर घरोघरी वर्षे निघून जातात. प्रस्तुत निबंधाचा विषय या न घडलेल्या गोष्टीशी संबंधित आहे.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याचा इतिहास आजवर प्रामुख्याने कारखानदारी, कामगार चळवळ आणि नागरीकरण या अंगांनी अभ्यासला गेला. या पट्ट्यात जन्मलेल्या व वाढलेल्या मुलांच्या शरीराचा इतिहास मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुतांशी निसटला आहे. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक विकार अशा इतिहासासाठी योग्य वाट उपलब्ध करून देतो. या विकारात बाळाच्या जन्मानंतर काही महिन्यांतच रक्त कमी पडू लागते व आयुष्यभर दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावे लागते. ज्या काळात ही मुले पाच-सहा वर्षांच्या आतच दगावत, त्या काळात त्यांच्या वयात येण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. मुले जगू लागली तेव्हा तो निर्माण झाला. थॅलेसेमियाग्रस्त किशोरांच्या संप्रेरक-उपचारांचा इतिहास हा त्यामुळे आजाराइतकाच उपचारांचाही इतिहास ठरतो. त्यात रक्ताला पहिला, औषधाला दुसरा आणि संप्रेरकांना शेवटचा क्रमांक का मिळाला, आणि मूल होण्या-न होण्याची गोष्ट त्या मुलामुलींना सर्वांत उशिरा का कळते, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

लवकर येणाऱ्या वयाचा वाद

पुणे परिसराला ‘वयात येणे’ या विषयावरील जाहीर वादविवाद नवा नाही. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी या अकरा वर्षांच्या आतबाहेरच्या विवाहितेचा मृत्यू झाला आणि त्यानंतर संमतिवयाचे विधेयक पुढे आले. मार्च १८९१ मध्ये कायदा होऊन संमतिवय १० वरून १२ वर्षांवर गेले. पुण्यात या विधेयकाने समाजाची सरळ फाळणी केली. लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला, डॉ. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच आधारे सुधारणेची बाजू मांडली. वादाचा गाभा गर्भाधान संस्कार हा होता. प्रथम ऋतुदर्शनानंतर हा संस्कार ठरावीक दिवसांत व्हावयास हवा, आणि ऋतू बारा वर्षांच्या आत आला तर काय, असा तो पेच होता.

या वादात शास्त्री बोलले, वकील बोलले, संपादक बोलले. देशातील महिला डॉक्टरांनीही सरकारकडे निवेदन पाठविले. ज्यांच्या शरीराविषयी हा सारा खल चालला होता त्या मुलींचा आवाज कागदोपत्री जवळजवळ सापडत नाही. (रखमाबाईंचे नाव अपवाद म्हणून घ्यावे लागते, परंतु त्यांचा खटला वैवाहिक हक्कांचा होता आणि त्या स्वतः सुशिक्षित होत्या.) एकोणिसाव्या शतकातील या चर्चेने आपल्याला एक सवय मात्र लावली. वयात येण्याचा संबंध विवाहाशी जोडावयाचा, भीती बाळगावयाची ती लवकर येण्याची, आणि निर्णय घ्यावयाचा तो वडीलधाऱ्यांनी. पुढे शंभर वर्षांनी दवाखान्यात न येणाऱ्या पाळीचा प्रश्न उभा राहिला तेव्हा हीच सवय तेथेही हजर होती.

कारखाना आणि शरीराचा दाखला

औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात आणखी एका परंपरेचा उल्लेख आवश्यक आहे. जन्मनोंदणी नसलेल्या समाजात वय शरीरावरूनच ठरवावे लागे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास मर्यादित केले. १८९१ मध्ये या मर्यादा अनुक्रमे नऊ व चौदा वर्षांवर गेल्या. साहजिकच मूल किती वर्षांचे हे ठरविणारा डॉक्टर कारखान्याच्या व्यवस्थेचा भाग झाला.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ही परंपरा पुढे चालविली. पंधरा ते अठरा वयाच्या किशोराने प्रमाणक शल्यचिकित्सकाचा दाखला मिळविल्यास तो प्रौढ म्हणून काम करू शके. दाखला न मिळालेला किशोर मात्र, त्याचे वय काहीही असो, या कायद्यापुरता बालकच समजला जाई. पिंपरीचा पहिला मोठा कारखाना उभा राहत होता त्या काळात हाच कायदा लागू होता. कायद्याच्या दृष्टीनेही शरीराने न भरलेला सतरा वर्षांचा मुलगा मूलच राहत असे, ही बाब पुढील विवेचनात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पिंपरी कॅम्प

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांना मुंबई इलाख्यात अनेक ठिकाणी वसविण्यात आले. त्यांतील सर्वांत मोठी वसाहत कल्याणजवळची. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुण्याजवळ पिंपरी येथे अशीच एक वसाहत झाली. शेजारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर टेल्को, बजाज ऑटो व इतर कारखाने आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या या गर्दीत कॅम्पातील सिंधी कुटुंबांनी प्रामुख्याने व्यापाराची वाट धरली. पिंपरीची बाजारपेठ आजही ‘पिंपरी कॅम्प’ या नावानेच ओळखली जाते.

विस्थापितांनी आणलेल्या गाठोड्यांत एक गोष्ट कोणाच्याही नजरेस पडणारी नव्हती. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाला स्वतःला काही त्रास होत नाही. किरकोळ रक्तक्षय एवढेच लक्षण, तेही असले तर. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला तीव्र थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते. भारतात वाहकांचे सरासरी प्रमाण ३ ते ४ टक्के मानले जाते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत काही समाजांमध्ये ते ४ ते १७ टक्क्यांपर्यंत असल्याचे नमूद आहे. त्या यादीत सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली, लोहाणा यांच्याबरोबर महार, कोळी आणि सारस्वत हे महाराष्ट्रातील समाजही आहेत. हा ‘सिंध्यांचा आजार’ आहे असा जो समज आढळतो तो त्यामुळे अपुरा आहे आणि बिगरसिंधी कुटुंबांना गाफील ठेवणाराही आहे.

हे जनुक काही समाजांतच इतके का टिकले? जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९४८-४९ च्या सुमारास असे अनुमान मांडले की, थॅलेसेमियाच्या वाहकांना हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावे व म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. ज्या दोन वर्षांत हे अनुमान मांडले गेले त्याच वर्षांत सिंधू नदीच्या खोऱ्यातील कुटुंबे छावण्यांत राहत होती. (हाल्डेन स्वतः १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले, हा आणखी एक योगायोग.) सिंधमध्ये उपयोगी पडलेले जनुक पिंपरीत निरुपयोगी झाले, समाजांतर्गत विवाहाची रीत मात्र कायम राहिली. फाळणीने विखुरलेल्या समाजाला आपली भाषा व ओळख टिकविण्यासाठी ही रीत अधिकच महत्त्वाची वाटली असणार, हे समजण्यासारखे आहे.

रक्त आधी, संप्रेरके नंतर

अमेरिकेतील डॉ. थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये या आजाराचे वर्णन केले. भारतातील पहिली नोंद १९३८ मधील, कलकत्त्याची. पुढील दोन-तीन दशके उपचार म्हणजे मूल अगदीच निस्तेज झाले की रक्त देणे, एवढाच होता. १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील निरीक्षणांवरून नियमित व पुरेसे रक्त दिल्यास वाढ चांगली होते हे ध्यानात आले आणि उपचाराची दिशा बदलली. मुले शाळेत जाऊ लागली.

परंतु प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने शरीरात केलेली नाही. हे लोह यकृतात, हृदयात आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी लोहाला विशेष नाजूक असते. त्यातही बीजकोशांना चालना देणारी संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशी आधी बाधित होतात. परिणामी मुलीचे अंडाशय आणि मुलाचे वृषण मूलतः ठीक असूनही त्यांना ‘आता जागे व्हा’ हा निरोपच मिळत नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इटलीतील २५० किशोरवयीन रुग्णांच्या पाहणीत १२ ते १८ वयोगटातील ३८ टक्के मुलींत आणि ६७ टक्के मुलांत वयात येण्याची कोणतीही खूण आढळली नव्हती. रक्ताने वाचविलेली ही पिढी रक्तातीलच लोहामुळे बालपणात अडकून पडली होती.

लोह बाहेर काढणारे डेसफेरिऑक्सामाइन हे औषध १९६० च्या दशकात उपलब्ध झाले. ते पोटाच्या कातडीखाली सुई ठेवून पंपाने रात्रभर, आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावे लागे. बहुतेक भारतीय कुटुंबांना औषध आणि पंप दोन्ही परवडण्यापलीकडचे होते. या पार्श्वभूमीवर तोंडावाटे घेण्याच्या डेफेरिप्रोन या औषधाचा इतिहास महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लंडनमध्ये शोधलेल्या या औषधाच्या चाचण्या मुंबईतील रक्तविकारतज्ज्ञांनी १९९० च्या आसपास केल्या आणि १९९५ मध्ये सिप्ला कंपनीने ते ‘केल्फर’ या नावाने बाजारात आणले. युरोपमध्ये त्याला १९९९ मध्ये आणि अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. भारतीय मुलांना ते आधी मिळाले ही जमेची बाजू. सांधेदुखी आणि पांढऱ्या पेशी अचानक कमी होण्याचा धोकाही त्यांनीच आधी सोसला, हेही नोंदविले पाहिजे. २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डेफेरासिरॉक्स हे दिवसातून एकदा घ्यावयाचे औषध त्यानंतर भारतातही आले.

याच काळात रक्त अधिक सुरक्षित झाले. १९८९ पासून एचआयव्ही चाचणी बंधनकारक झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. २००१ पासून हेपॅटायटिस-सीची चाचणी सक्तीची झाली. पिंपरीत महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय १९८९ मध्ये सुरू झाले, तर डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय १९९६ मध्ये. म्हणजे ज्या सुमारास औषध हाताशी आले, त्याच सुमारास परिसरात मोठी रुग्णालयेही उभी राहिली.

मग संप्रेरके मागे का राहिली? याचे उत्तर वैद्यकीय ज्ञानाच्या अभावात शोधता येणार नाही. रक्तातील संप्रेरके मोजण्याची किरणोत्सारी पद्धत १९६० च्या सुमारास विकसित झाली होती आणि वयात येण्याच्या टप्प्यांची टॅनर यांची मांडणी १९६९-७० पर्यंत पूर्ण झाली होती. उत्तर काळाच्या मापात दडलेले दिसते. रक्ताचा एक दिवस चुकला तर आठवडाभरात मूल निस्तेज होते आणि घर धावू लागते. लोहाचे औषध चुकले तर परिणाम दिसण्यास काही वर्षे लागतात. संप्रेरकांची तपासणी चुकली तर बारा-तेरा वर्षे काहीच दिसत नाही. आणि दिसू लागते ते इतके हळू, की नेमका कोणता दिवस चुकला हे कोणालाच सांगता येत नाही. जी उणीव ओरडत नाही ती व्यवस्थेला ऐकू येत नाही. महिन्याच्या कमाईवर चालणारे घर आणि वार्षिक अंदाजपत्रकावर चालणारे रुग्णालय या बाबतीत सारखेच वागतात.

दवाखान्यातील मोजमाप

अंतःस्रावी दवाखान्यात किशोराच्या वयाची मोजणी कशी होते, याचे थोडे तपशिलात वर्णन करणे आवश्यक आहे. कारण पूर्वी शास्त्री व कारखान्याचा डॉक्टर जे काम करीत तेच येथे वेगळ्या साधनांनी चालते. प्रथम उंची घेतली जाते, उभ्याने आणि बसूनही. थॅलेसेमियात व डेसफेरिऑक्सामाइनच्या दीर्घ वापरात पाठीचा कणा पायांच्या मानाने आखूड राहू शकतो, हे बसल्या उंचीवरून कळते. ही उंची वाढीच्या आलेखावर मांडली जाते. येथे पुण्याचा वाटा मोठा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९५६ ते १९६५ या काळात जमविलेली मापे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली होती, परंतु ती दीर्घकाळ तशीच राहिली. पुण्यातील जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेतील डॉ. वामन खाडिलकर, डॉ. अनुराधा खाडिलकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून नवे आलेख आकारास आले आणि २०१५ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षे वयोगटासाठी सुधारित आलेख स्वीकारले. पिंपरीतील मुलाची उंची बोस्टन किंवा लंडनच्या मुलाशी ताडून पाहण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

त्यानंतर मनगटाची क्ष-किरण प्रतिमा पाहून हाडांचे वय ठरते. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाडांचे वय बारा असू शकते. मुलांची तपासणी करताना अंडाकृती मण्यांची एक माळ वापरतात, स्वित्झर्लंडमधील डॉ. प्रेडर यांनी १९६६ मध्ये रूढ केलेल्या या माळेतील चार मिलिलिटरचा मणी हा वयात येण्याच्या सुरुवातीचा उंबरठा मानला जातो. चौदा वर्षे पूर्ण होऊनही मुलगा तो उंबरठा ओलांडत नसेल, किंवा तेरा वर्षे पूर्ण होऊनही मुलीत स्तनवाढीची सुरुवात नसेल, तर विलंब झाला असे धरले जाते.

उपचार धीम्या गतीचे असतात. मुलीला इस्ट्रोजेनची अगदी लहान मात्रा, बहुधा गोळीचा चतुर्थांश भाग, सुरू करून दोन-तीन वर्षांत ती वाढवीत नेतात व पुढे प्रोजेस्टेरॉन जोडतात. मुलाला टेस्टोस्टेरॉनचे महिन्याला एक इंजेक्शन कमी मात्रेपासून दिले जाते. निसर्ग जे काम तीन-चार वर्षांत करतो ते घाईने सहा महिन्यांत उरकल्यास हाडांची टोके लवकर जुळतात आणि उंची कायमची खुंटते. पालकांना मात्र घाई असते. अठराव्या वर्षी बारा वर्षांचा दिसणारा मुलगा नोकरीच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या जन्मदाखल्यावरही कोणाचा विश्वास बसू नये, अशी स्थिती असते. कायद्यातील ‘वय काहीही असो, बालकच’ हे कलम अशा मुलांपुरते समाजाने तोंडपाठ केले आहे असे म्हणावे लागते.

या दवाखान्यांत आणखी एक गोष्ट ध्यानी येण्यासारखी आहे. उपचाराची भाषा ‘संप्रेरके’, ‘अंतःस्रावी ग्रंथी’ अशी घडविलेली. घरातील भाषा ‘पाळी’, ‘अंग भरणे’ अशी. आणि या दोन भाषांच्या मध्ये बसलेला किशोर बहुधा गप्प. प्रश्न आईला विचारले जातात आणि उत्तरेही तीच देते.

पाळी, बीज आणि विवाह

उपचाराने पाळी सुरू झाली की कुटुंबाचा जीव भांड्यात पडतो. येथेच सर्वांत मोठा गैरसमज निर्माण होतो. गोळ्यांनी आलेली पाळी म्हणजे बीज पक्व होऊ लागले असे नव्हे; आणि पाळी आपणहून आली नाही म्हणजे मूल होणे अशक्य, असेही नव्हे. दोष पीयूषिकेत असल्याने, अंडाशय चांगला असलेल्या स्त्रीमध्ये बीजप्रेरक संप्रेरकांची इंजेक्शने देऊन बीज पक्व करता येते. थॅलेसेमियाग्रस्त स्त्रियांच्या यशस्वी गर्भारपणाच्या नोंदी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आढळतात. त्यासाठी आधी हृदय व यकृतातील लोह तपासणे, तोंडावाटे घेण्याची लोहनिष्कासक औषधे थांबविणे आणि पतीची वाहक-चाचणी करणे अनिवार्य असते. पती वाहक नसेल तर होणारी सर्व मुले वाहक असतात, परंतु तीव्र आजार एकालाही होत नाही. पुरुषांच्या बाबतीत वाट अधिक खडतर आहे. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी दाढी येते, आवाज बदलतो. शुक्राणू त्याने तयार होत नाहीत. त्यासाठी वेगळी इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागतात आणि यशाची खात्री देता येत नाही.

ही माहिती किशोरवयातच देणे शक्य आहे. तरीही ती विवाहाची बोलणी सुरू होईपर्यंत लांबणीवर पडते, याचे कारण १८९१ च्या वादापासून चालत आलेल्या सवयीत आहे: जननक्षमता ही व्यक्तीची गोष्ट नसून स्थळाची गोष्ट मानली जाते. छोट्या, परस्परांना ओळखणाऱ्या समाजात तर वाहक असणेही लपविले जाते, मग आजाराची काय कथा. प्रतिबंधाच्या मोहिमांनी या गुप्ततेत नकळत भर घातली. सायप्रसमध्ये १९७० च्या दशकापासून विवाहपूर्व चाचणीने नव्या रुग्णांचा जन्म जवळजवळ थांबला, हे यश निर्विवाद आहे आणि पिंपरी किंवा उल्हासनगरसारख्या वसाहतींत विवाहपूर्व हिमोग्लोबिन ए-२ चाचणीचा आग्रह धरणे योग्यच आहे. मात्र ‘थॅलेसेमियामुक्त समाज’ ही घोषणा ज्या सभागृहात दिली जाते तेथे मागील रांगेत त्याच आजाराची सोळा वर्षांची मुलगी बसलेली असू शकते, याचे भान घोषणा लिहिणाऱ्यांना क्वचितच राहते. तिचे वयात येणे, तिचे आई होणे हे त्या घोषणेत बसत नाही.

अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाने हा प्रश्न आणखी आधीच्या वयात नेला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९८६ मध्ये भारतात थॅलेसेमियासाठी प्रत्यारोपण झाले. २०१७ पासून कोल इंडियाच्या योजनेतून त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू लागले. प्रत्यारोपण लहान वयात केल्यास अधिक यशस्वी होते. त्याआधी दिली जाणारी तीव्र औषधे मात्र बीजकोशांना कायमची इजा करू शकतात. इंग्लंडमध्ये एका थॅलेसेमियाग्रस्त मुलीच्या अंडाशयाचा भाग प्रत्यारोपणापूर्वी, वयात येण्याच्या आधीच गोठवून ठेवण्यात आला होता; तो पुढे तिच्या शरीरात परत बसविल्यानंतर डिसेंबर २०१६ मध्ये लंडनमध्ये तिला मूल झाले. मुलग्यांसाठी तसा सिद्ध मार्ग अद्याप नाही. भारतात २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने या सेवांसाठी स्त्री व पुरुष दोघांचीही किमान वयोमर्यादा २१ वर्षे ठेवली आहे. आठ वर्षांच्या मुलीचे बीज जपण्याचा विचार तो कायदा करताना केंद्रस्थानी असल्याचे दिसत नाही. प्रत्यारोपणाच्या संमतिपत्रावर सही आईवडिलांची असते. जीव वाचविण्याच्या घाईत त्यातील जननक्षमतेची ओळ वाचून पुढे जाणे स्वाभाविक आहे, आणि त्यांना दोष देणेही अन्यायाचे ठरेल. पण ज्या मुलीविषयी ती ओळ आहे तिला ती कधी वाचून दाखवावयाची, याविषयी कोणतीही रीत अजून पडलेली नाही.

चाकणच्या दिशेने

२००९-१० मध्ये फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेन्झ आणि महिंद्र यांचे कारखाने चाकण परिसरात सुरू झाले आणि औद्योगिक पट्टा पुणे-नाशिक महामार्गाने उत्तरेकडे सरकला. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाख २७ हजारांवर गेली होती. या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून कामगार आले. त्यांच्याबरोबर रक्तविकारांचा नकाशाही बदलला आहे. विदर्भ आणि ओडिशाच्या काही भागांत सिकलसेलचे जनुक आढळते, पूर्व भारतात हिमोग्लोबिन-ई. थॅलेसेमियाच्या जनुकाशी यांची गाठ पडल्यास आजाराची नवी रूपे तयार होतात. कॅम्पातील सिंधी समाजाला निदान या आजाराचे नाव ठाऊक असते. खराबवाडी किंवा म्हाळुंगेच्या भाड्याच्या खोलीतील कुटुंबासाठी ते बहुधा नवेच असते.

या कुटुंबांच्या वाट्याला आलेल्या व्यवस्था वयाच्या वेगवेगळ्या रेषांवर कापलेल्या आहेत. अनेक रुग्णालयांत बालरोग विभाग बारा वर्षांपर्यंतच मुले पाहत आला. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ च्या सुमारास १८ वर्षांपर्यंतची जबाबदारी तत्त्वतः स्वीकारली, तरी खाटांची विभागणी त्या वेगाने बदलली नाही. २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंत पाहतो. २०१४ चा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षे. कामगार राज्य विमा योजनेत येण्यासाठी वेतनाची मर्यादा असते. २०१७ मध्ये ती २१,००० रुपये करण्यात आली. पगार वाढला की चिंचवडच्या मोहननगर येथील विमा रुग्णालयाचे दार बंद होण्याची भीती आणि न वाढला की औषध न परवडण्याची, अशा दोन भीतींच्या मध्ये घर चालते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमियाला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले आणि पात्र विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणात आरक्षणाचा मार्ग खुला झाला. शासकीय नोकऱ्यांतील आरक्षणाच्या यादीत मात्र हा आजार नाही.

बारा, चौदा, अठरा, एकोणीस, एकवीस. ज्या मुलाच्या हाडांचे वय बारा, जन्मदाखल्याचे वय अठरा आणि रक्त घेण्याचा अनुभव सतरा वर्षांचा, त्याला यांपैकी कोणत्या खिडकीशी उभे राहावयाचे हे सांगणारा कोणी नसतो. बालरोग विभागात जन्मापासून ओळखणारी परिचारिका असते. प्रौढांच्या विभागात नवी फाइल, नवा क्रमांक. संप्रेरकांच्या मात्रा वाढविण्याची आणि जननक्षमतेविषयी बोलण्याची वेळ नेमकी या दोन फाइलींच्या मधल्या महिन्यांत येते. चाकणहून पिंपरीला रक्त घेण्यासाठी आलेला बाप पाळीच्या वेळेपर्यंत परत पोहोचण्यासाठी घड्याळ पाहत असतो, आणि बाजूच्या खाटेवर पिशवी संपण्याची वाट पाहणाऱ्या मुलाला एखादा प्रश्न विचारावयाचा असला, तरी तो विचारण्याजोगे कोणी जवळ नसते.